बॉनेटखालची अडगळ

मिस्त्रींनी बॉनेट उचलून त्याला टेकू दिला आणि आत पाहून सुस्कारा टाकला. त्या जुन्या मोटारीच्या इंजिनाभोवती बोट शिरायलाही जागा उरली नव्हती. मूळचे यंत्र साधे, अल्पसंतुष्ट गृहस्थासारखे. पण वर्षानुवर्षे त्याच्यावर नळ्या, तारा, पट्टे आणि डबे यांची अशी पुटे चढली होती की वारुळात बसलेल्या तपस्व्याप्रमाणे त्याचा देहच दिसेनासा झाला होता. आणि त्यातली बहुतेक पुटे मिस्त्रींच्याच हातची होती.

गाडीच्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणे. त्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात असे म्हातारे यायचे बघा. एका गोळीने पित्त होतं म्हणून दुसरी, दुसरीने झोप उडते म्हणून तिसरी. मोठे डॉक्टर आले की म्हणायचे, आधी सगळं बंद करा, मग दुखणं कुठलं उरतं ते पाहू. तुम्हीही तसंच करा, मिस्त्री."

"आणि रोगी दगावला तर?"

"भाचा टपलेलाच आहे विकायला. परवा भर चौकात बंद पडली, तेव्हाच त्याने निक्षून सांगितलं, आता एकदा जरी अडली तर घेऊन जाईन. मग बहिणीकडे रोज मला कोण नेणार? या वयात रिक्षांमागे धावू?"

सिस्टर गेल्या. मिस्त्री खुर्चीत टेकले. गाडीपेक्षा अधिक काही पणाला लागले आहे, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होते.

या धंद्यात त्यांना कानसेन म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि दोष सांगायचा, ही त्यांची ख्याती. परंतु गेली कित्येक वर्षे बारीक आवाज त्यांच्या कानातून निसटत होते. मूठ ते अजूनही कानाशी धरीत. थरथर तळहाताला कळे, बाकीचे अनुमानाने. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. ज्याने आयुष्यभर कानावर भाकरी कमावली, त्याने बहिरेपणाची दवंडी कशी पिटावी?

त्यांनी पाना हाती घेतला. शेवटी जे चढले ते आधी उतरवायचे, हा क्रम. प्रथम मोठी बॅटरी निघाली. ती का बसवली होती? जास्तीचा पंखा वीज खातो म्हणून. पंखा का? गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे वाढवल्याने ते तापू लागले म्हणून. फेरे वाढवणारे ते छोटे यंत्र का? उभी असताना गाडी थरथरत बंद पडे म्हणून. प्रत्येक वस्तूला कारण होते, आणि ते कारण तिच्या आधी बसवलेल्या वस्तूत होते. थंड हवेचा कॉम्प्रेसर तर केव्हाच निकामी झाला होता. त्याच्या नळ्यांतला गॅस उडून गेला होता, तरी पट्टा त्याला इमानाने फिरवीत होता. तो उतरवताना मिस्त्रींच्या कमरेत उसण भरली.

जसजसे सामान खाली येत गेले, तसतसे ते भूतकाळात मागे मागे गेले. अखेरीस पोहोचले त्या पहिल्या थरथरीपाशी. तिचे कारण आपल्याला कधी सापडलेच नव्हते, हे आठवून त्यांचा हात थबकला.

इतक्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. जमिनीवरचा ढीग पाहून तिने कपाळाला हात लावला. "अहो, दुरुस्ती चाललीय की गाडी मोडीत काढलीत?"

"अडगळ काढतोय."

"घरातली काढा म्हटलं की कंबर दुखते ती तुमची!"

मिस्त्रींनी मूळच्या मापाची लहान बॅटरी जोडली, पट्टा ताणला, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर मूळच्या मापावर आणला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, आणि पहिल्या दिवसासारखेच थरथरू लागले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.

"कुठे काही नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"काही नाही कसं? सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं सुंईऽ वाजतंय की."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "इंजिन म्हटलं की वाजणारच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "घरी नळ ठिबकत असतो, तुम्ही त्याच्याशेजारी बसून पेपर वाचता. मी उठून बंद करते. कधी बोलले का? वाटलं, बाकीच्या पुरुषांसारखं हवं तेवढंच ऐकताय. कामावर तरी ऐकू येत असेल."

मिस्त्रींनी मूठ कानापासून खाली घेतली. कितीतरी वर्षे उचलून धरलेले ओझे खाली ठेवावे, तशी ती खाली आली.

"कुठून येतोय?" त्यांनी विचारले.

डबा बाजूला ठेवून ती बॉनेटखाली वाकली. "मागून. अजून खाली. तिकडे नाही हो, डावीकडे!" त्यांचे बोट तिच्या शब्दांमागून सरकत गेले, आणि एका आखूड रबरी नळीच्या बुडाशी आत ओढले गेले. नळीला चीर होती. इंजिन तिच्यातून फुकटची हवा गिळत होते. बोटाने चीर दाबताच थरथर थांबली. तळहाताला ते तत्काळ कळले.

एवढीशी नळी! तिची सुंई ऐकू आली नाही म्हणून त्यांनी तिच्यावर हा सारा प्रपंच रचला होता.

संध्याकाळी सिस्टर आल्या. बॉनेटखाली आता मोकळे होते. इंजिनाच्या कडेने खालची जमीन दिसत होती. मिस्त्रींनी जुनी नळी त्यांच्या हातावर ठेवली. "आजार हा होता. बाकीचं सगळं माझं. मला बारीक ऐकू येत नाही, सिस्टर. आधी सांगायला हवं होतं."

सिस्टरांनी नळी वाकवून चीर पाहिली. "मी बोलते तेव्हा तुम्ही माझ्या ओठांकडे बघता. वॉर्डात उभं आयुष्य गेलंय माझं." मग त्यांनी विचारले, "पण आता पुढे गाडी दाखवायची कोणाला?"

"दुपारी आणा," रिकामा डबा आवरताना बायको म्हणाली. "मी असते तेव्हा."

सिस्टरांनी गाडी सुरू केली. मिस्त्री इंजिनाकडे वाकले नाहीत. थकून, जमिनीवरच्या कॉम्प्रेसरवरच बसून ते बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती कान देऊन बराच वेळ उभी होती. मग तिने 'ठीक आहे' अशी मान डोलावली, तेव्हा ते उठले आणि त्यांनी बॉनेट हळूच खाली टेकवले.