कोऱ्या जागी ‘नाही’

मला अजूनही राग येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसला कल्याणच्या एका हॉस्पिटलचं काम मिळालेलं. जुन्या पेशंटची आधारवरून केलेली नवी नोंदणी एका टेबलात, त्यांच्या जुन्या केसपेपरवरची माहिती दुसऱ्यात. दोन्हीत सारखं असं फक्त नाव. मी सूत्र लिहिलं: इथलं नाव तिथे शोध आणि त्याच्यासमोरची अ‍ॅलर्जी उचलून आण. नाव सापडलं नाही तर जागा कोरी राहायची.

साहेबांना ते खपेना. "अगं, डेमोला अशी भोकं दाखवणार? तिथे ‘नाही’ टाक."

"सर, सापडलं नाही आणि नाही, यात फरक आहे."

"टाक गं, उगाच कीस काढू नकोस."

आणि मी टाकलं! का, तर सहाची बस चुकली की ट्रॅफिकमध्ये सडावं लागतं म्हणून.

दोन महिन्यांनी आईच्या पायाची जखम चिघळली आणि तिला त्याच हॉस्पिटलात भरती केलं. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या तशी आई म्हणाली, "मला पेनिसिलिन चालत नाही हो. मागे इथेच श्वास अडकलेला."

सिस्टरनी स्क्रीन बघितली. "आजी, अ‍ॅलर्जी नाही असं लिहिलंय इथे. घाबरू नका." आणि दंडावर कापूस फिरवायला लागल्या.

"थांबा!" मी अशी किंचाळले की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "ते खोटं आहे!"

आईचा जुना केसपेपर सासरच्या नावाचा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते नाव, घरीदारी तेच. आधारवर मात्र शाळेच्या दाखल्यावरचं, माहेरचं. माझं सूत्र माहेरच्या नावाने हाका मारत बसलं, ओ कोण देणार? हे मला सुचू नये? कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या चाळीत निम्म्या बायकांना दोन-दोन नावं! शिकून काय दिवे लावले मी?

सिस्टरही भडकल्या. "स्क्रीनवर आहे ते आम्ही वाचणार ना मॅडम! भरलं कोणी हे?"

"मी," म्हटलं.

त्या ट्रे घेऊन डॉक्टरांना विचारायला गेल्या. आईने दंडावरची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. तू ओरडलीस म्हणून ऐकलं. बाकीच्यांजवळ कोण असतं गं?"

मी साहेबांना फोन लावला. "अगं, आज रविवार आहे," ते म्हणाले.

"असू दे. ते ‘नाही’ मी आत्ता काढतेय," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तिथेच, तिच्या पायथ्याशी लॅपटॉप उघडला. न जुळलेल्या सगळ्या ओळी बाहेर काढल्या आणि एकेक वाचायला लागले. पहिलं नाव बाईचं. दुसरं बाईचं. तिसरंही. मी खाली सरकत राहिले. बाप्याचं नाव यायला बराच वेळ लागला.