वेणी वाचली ना बाई!

मैत्रिणींनो, आज मी वेणी कापायले निघाली होती!

घुग्घुसच्या कोळसा खाणीत ड्युटी, दिवसभर हेल्मेट, अन् डोक्याले इतकी खाज की बस्स! म्हणून रोज चपचप तेल लावूनच जात होती. तरी खाज जाईना, म्हणून वेणीच कापायची ठरवली.

पार्लरवाल्या शबानाताईनं कापायच्या आधी पांढऱ्या टॉवेलनं केस पुसले. टॉवेल काळाकुट्ट!

"अवो ताई, थांबा! हे तर कोळशाची धूळ होय!" मीच ओरडली. तेलानंच सारी धूळ धरून ठेवली होती.

"मंग तेल सुट्टीच्या दिवशी लाव ना," ताई हसल्या. शाम्पूनं दोनदा धुतलं अन् खाज अर्धी झाली!

तुमच्यापैकी कोण तेल लावून ड्युटीवर जाते? सांगा.

आता घरी मी खाटेवर इथीच बसून लिहून राह्यली, उठताच येत नाही. "वेणी कापू नको" म्हणून सकाळी रुसलेली माझी पोरगी तेच वेणी मुठीत धरून झोपली आहे.