देवाचं उजवं

आमच्या रामवाडीच्या घरात मी फूल होते. वडील येईल त्याला सांगायचे, "पोर फुलासारखी वाढवलीय." हे फूल पहाटे बोअरिंगवरून सहा कळश्या पाणी आणायचं, तेव्हा त्याच्या पाकळ्यांची काळजी कुणाला वाटत नसे. ती वाटली नव्वदीच्या सुरुवातीला, मी बीएस्सी होऊन रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी मिळवली तेव्हा. केमिकलच्या वासात फूल कोमेजेल, म्हणाले.

नकार स्वतः द्यायला वडील फार सज्जन. त्यांनी ते काम देवावर सोपवलं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं; रविवारी आम्ही देवळात कौल लावायला गेलो. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझी तीन वर्षांची घोकंपट्टी तगरीच्या दोन फुलांच्या हवाली. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सगळ्यांच्या पुढे बसली. तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, त्यामुळे देवाच्या मनातलं तिलाच स्वच्छ दिसायचं.

फूल पडलं.

"डावं," आत्या म्हणाली. "देव नाय म्हनतोय."

वडिलांनी लगेच हात जोडले. गुरव समईची वात सारखी करू लागला. आत्यानं दिलेली फूल ना फुलाची पाकळी त्याच्या तबकात नुकतीच पडली होती. मला रडू फुटलं.

तेवढ्यात मागून आई बोलली. जन्मात पहिल्यांदा, वडिलांच्या आणि नणंदेच्या समोर.

"वन्सं, आपल्या डाव्या हाताला पडलंय. देव आपल्याकडं तोंड करून हाय. ते देवाचं उजवं."

"पुन्हा लावू," वडील पुटपुटले.

"देवाला दोनदा इचारतात व्हय?" आई म्हणाली.

शेवटी गुरवानंच मान हलवली. "कौल उजवाच हाय."

सोमवारी आई पेण स्टेशनवर सोडायला आली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आयत्या वेळी तुला बरं सुचलं."

"सुचायचंय काय? सातवीनंतर माझ्या शाळेसाठी असाच कौल लावलेला. फूल असंच पडलं. डावं ठरलं."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं डब्याची पिशवी खिडकीतून आत दिली.

"ल्हान व्हते गो. माझी आय मागं उभी व्हती," ती म्हणाली. "तिला पन ठाव व्हतं."