तीन हॉर्न म्हणजे या

समुद्रकाठच्या त्या बंगल्यावर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचं काम गेली सव्वीस वर्षं एकच माणूस करत होता. सगळे त्यांना नकाशाकाका म्हणत. दीपगृह किती वाजता उघडतं, शिंपल्यांच्या खाडीत कुठून उतरलं की गुडघे दुखत नाहीत, कड्यावर कोणत्या वेळी ऊन डोळ्यांत जात नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. भरती-ओहोटी तर अशी की बंगल्याचा मॅनेजर पाहुण्यांना सांगायचा, "समुद्र काकांना विचारूनच आत-बाहेर करतो."

त्यांची बायको त्याच बंगल्यात स्वयंपाकाला होती. एकदा पाहुण्यांचे डबे घेऊन ती त्यांच्याबरोबर गाडीत गेली, तेव्हा फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि नुसते बसून राहिले. मागचे हॉर्न वाजवून थकले. शेवटी ते हळूच म्हणाले, "अगं, दीपगृह कुठल्या हाताला?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं, "हे आता वाढतच जाणार. गाडी बंद करा." बाहेर बाकावर बसून काका शेजारच्या माणसाला खाडीचा रस्ता समजावून सांगत होते, अगदी बिनचूक. ती घरी आली आणि गप्प बसली. कोणाला सांगणार? गाडी काढून घेतली तर या माणसात उरतं काय, हे तिला ठाऊक होतं.

मग तिने एक युक्ती काढली. सकाळचा स्वयंपाक लवकर उरकायचा आणि हवा खायचं निमित्त करून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचं. डावीकडे वळायचं असलं की ती काच खाली करायची, उजवीकडे असलं की खोकायची. ते दोघंही यावर एक शब्द बोलले नाहीत. एका पाहुणीने तर जाताना तिच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. "काकू, अंगावर काढू नका हो!" त्या दिवशी उजवी वळणं जरा जास्तच होती.

असे दोन महिने निभावले. रोज गाडीत बसताना ती मनात देवाचं नाव घ्यायची आणि उतरताना पुन्हा घ्यायची.

त्या दिवशी मात्र बंगला भरलेला होता. चौदा माणसांचा नाश्ता. त्यातलं एक जोडपं आणि त्यांच्या आत्याबाई, अशा तिघांना पहाटे खडकावर जायचं होतं. हा खडक किनाऱ्यापासून हाकेच्या थोडा पलीकडे. वर जुना दिव्याचा खांब आहे, तिथून सूर्योदय फार छान दिसतो. ओहोटीला तिथवर दगडी वाट उघडी पडते, तीन तास राहते आणि मग पाण्याखाली जाते. काका पाहुण्यांना खाली सोडून सांगायचे, "घड्याळ बघू नका, मजा करा. मी इथेच आहे. तीन हॉर्न म्हणजे या. एक लांब हॉर्न म्हणजे आहात तिथेच थांबा." सव्वीस वर्षांत तो हॉर्न कधी चुकला नव्हता.

"मी येते, थोडं थांबा," ती म्हणाली.

"अगं, सरळ रस्ता आहे. एक वळण नाही. तू पोळ्या कर."

खरंच सरळ रस्ता होता. तिने जाऊ दिलं. ते रस्ता विसरतील ही धास्ती तिला होती. माणसं विसरतील, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

आठ वाजता ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले, हात धुतले आणि स्टुलावर बसले. "चहा टाक."

"आत्याबाई दमल्या का चढून?"

"कोण आत्याबाई?"

तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अहो, पाहुणे कुठे आहेत?"

"झोपले असतील अजून. सुट्टीला आलेली माणसं ती."

ती धावत अंगणात गेली. गाडीच्या मागच्या सीटवर आत्याबाईंची शाल होती. मॅनेजर दुसरी गाडी घेऊन बाजारात गेलेला. तिला गाडी येत नव्हती. ज्याला गाडी देऊ नये त्यालाच हात जोडून म्हणायची वेळ आली, "अहो, चला. खडकावर चला."

"आत्ता? वेडी आहेस का? पाणी चढलं असेल. आता कोणी खडकावर जातं का?"

तरी त्यांनी गाडी काढली. वाटेत तिने मॅनेजरला फोन करून एका दमात सगळं सांगितलं.

किनाऱ्यावर पोचले तर वाट दिसत नव्हती. नुसतं फेसाळ पाणी. वर आत्याबाई खांबाला धरून बसलेल्या, आणि त्यांचा भाचा बूट हातात घेऊन खाली उतरत होता. वरून पाणी गुडघाभर वाटतं. मधे पुरुषभर खोल घळ आहे, ती त्याला काय माहीत! किनाऱ्यावरून ती जिवाच्या आकांताने ओरडली. वाऱ्याने शब्द मागे फेकले. खडकावर मोबाईलला रेंज नाही. काय करावं सुचेना, तशी ती गाडीत वाकली आणि हॉर्नवर हात मारला. एक. दोन.

काकांनी तिचं मनगट पकडलं. "तीन नको! तीन म्हणजे या. मारशील त्याला!"

त्यांनी तळवा हॉर्नवर दाबला आणि दाबूनच ठेवला. एक लांब हॉर्न, संपेचना. भाचा थबकला, किनाऱ्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू परत वर चढला. तेव्हा कुठे त्यांनी हात उचलला. ती तिथेच वाळूत बसली.

मॅनेजर आला, त्याने बंदरावर फोन केला. होडी आली, पण लाटा खडकावर अशा आपटत होत्या की जवळ जाता येईना. होडीवाल्याने लांबूनच पाण्याच्या दोन बाटल्या फेकल्या. एक पोचली. आता संध्याकाळी पाच वाजता वाट उघडेपर्यंत कोणाच्याच हातात काही नव्हतं. वर ती तीन माणसं उन्हात, एका शालीशिवाय. खाली किनाऱ्यावर ती त्यांची शाल मांडीवर घेऊन बसलेली. तिने देवाला नुसतं एवढंच म्हटलं, "त्यांना तिथेच बसून राहण्याची बुद्धी दे."

काका मात्र येरझाऱ्या घालत होते आणि संतापत होते. "कोणी सोडलं यांना तिथे? म्हातारं माणूस आहे बरोबर! कोण हा बेअक्कल ड्रायव्हर?"

मॅनेजरने मान दुसरीकडे फिरवली. ती म्हणाली, "आहे एक. ओळखीतला आहे."

"त्याला काही वाटतं की नाही?"

"फार वाटलं असतं हो. त्याच्या लक्षात राहत नाही."

ते थबकले. आवाज खाली आणून म्हणाले, "मग त्याच्या घरचे काय करतात? किल्ली काढून घ्या म्हणावं त्याची. आज वाचले. रोज वाचतील का?"

तिने डोळे पुसले, उठली आणि त्यांच्यापुढे हात पसरला. "द्या."

"काय?"

"किल्ली."

त्यांनी खिशावर हात ठेवला. हसले. "अगं, ही माझी. मी त्याच्या किल्लीचं म्हणतोय."

ती तशीच हात पसरून उभी राहिली.

पाचला काकांनी स्वतःच तीन हॉर्न दिले, नेमक्या वेळेला. तिघं उतरून आले. तोंडं भाजलेली, ओठ फुटलेले. भाचा नको नको ते बोलला आणि ते सगळं खरं होतं. काकांनी अदबीने मागचं दार उघडून धरलं. "या आत्याबाई. सांभाळून." आत्याबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, तिच्या हातून शाल घेतली आणि मॅनेजरच्या गाडीत जाऊन बसल्या.

हॉर्न देताना काकांनी किल्ली गाडीलाच लावली होती; मॅनेजरने बोलावलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरने गाडी घरी आणून लावली. किल्ली त्याने तिच्याजवळ दिली. ती तिने देवाच्या फोटोमागे ठेवली आणि काकांना सांगितलं, "गाडी दुरुस्त होईपर्यंत आराम करा." खोटं बोलताना तिने फोटोकडे पाहिलं नाही.

आता ते रोज गाडी पुसतात, आरसा ठीक करतात आणि आत बसून राहतात. गाडी जागची हलत नाही, पण हॉर्न वाजतो. खडकावरून माणसं परत बोलवायची वेळ झाली की ते तीनदा वाजवतात. ती वेळ दिवसागणिक पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तसा हॉर्नही सरकतो. शेजारचे वैतागतात. भरतीचा तक्ता पाहिला तर एकही दिवस चुकलेला नसतो.

हॉर्न ऐकला की ती हातातलं काम ठेवते, बाहेर जाते आणि शेजारच्या सीटवर बसते.

"आलात सगळे?" ते समोर बघत विचारतात.

"आले," ती म्हणते, आणि काच खाली करते.