वांग्यांना पाणी

ह्यांना वांगं मुळीच आवडत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा भरली वांगी केली, तेव्हा नव्या नवरीचं मन राखायला ह्यांनी दोन खाल्ली आणि तिसरं हळूच आईच्या ताटात सरकवलं. पुढे दोन महिन्यांत सुट्टी संपली आणि हे मस्कतला परत गेले. तिथे एसी दुरुस्तीचं काम. वर्षाआड दोन महिने घरी. रत्नागिरीतल्या तीन खोल्यांत मी आणि सासूबाई.

आमच्याकडे अडचण आली की मस्कतहून वस्तू यायची. सासूबाईंचे गुडघे धरले, मालिशचं मशीन आलं. मी फोनवर म्हटलं, घर नुसतं खायला उठतं हो, तर कॉम्प्युटर आला. माणूस सोडून सगळं काही आलं.

२००९ची गोष्ट असेल. त्या कॉम्प्युटरवर शेतीचा एक खेळ होता. आपल्या वाफ्यात काहीबाही लावायचं, सकाळचं पाणी आपण घालायचं आणि संध्याकाळचं पाणी शेजाऱ्याने येऊन घालायचं. शेजारी म्हणजे खेळातला ओळखीचा माणूस, तो जगात कुठेही बसलेला असो. कुठलंही एक पाणी दोन दिवस चुकलं की पीक वाळलंच. माझे शेजारी दोनच. एक हे आणि दुसरे मुंबईचे धाकटे दीर. दीर आठवड्यातून एकदा उगवायचे. हे मात्र रोज.

तिकडे सहाला ड्यूटी सुटायची, म्हणजे इकडे साडेसात. मी भाताखालचा गॅस बारीक करून बाहेरच्या खोलीत येऊन बसायची. पडद्यावरच्या कुंपणापाशी ह्यांच्या बाहुल्याची पिवळी टोपी दिसली की तोंडातून आपसूक निघायचं, "आले!" टोपी वाफ्यावाफ्यातून फिरायची आणि माती काळी होत जायची.

फोन फक्त शुक्रवारी, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी. त्यातही सासूबाई हात पुढे करून शेजारी उभ्या. "जेवलात का?" "जेवलो. सिलेंडर आला का?" "आला." झालं बोलणं! नवराबायकोचं म्हणून वेगळं काही बोलायला जागाच नव्हती.

एकदा पाहते तर भेंडी, टोमॅटो, मिरची भिजलेली आणि वांग्यांची ओळ कोरडी ठणठणीत. मला वाटलं, राहिलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग माझी ट्यूब पेटली. अस्सं काय! मी मुद्दाम वांग्यांची आणखी एक ओळ लावली. संध्याकाळी टोपी आली, वांग्यांना वळसा घालून गेली. मी एकटीच खिदळायला लागले.

"काय गो, एकटीच काय हसतेस?" आतून सासूबाई.

"काही नाही, आई."

वांगी वाळायची, मी पुन्हा लावायची, हे पुन्हा वळसा घालायचे. दोन-तीन महिने आमचा संसार असा चालला. खरंच सांगते, लग्नानंतरच्या दोन महिन्यांपेक्षा मला हे तेव्हा जास्त कळले.

मग भारनियमनाची वेळ बदलून सकाळची झाली. वीज नाही तर माझं पाणी नाही. तीन दिवसांत शेत करपलं. शुक्रवारी फोनवर मी रडगाणं गायले, "सगळं गेलं हो!"

शनिवारी संध्याकाळी उघडून पाहते, तर वाफ्यांच्या मधोमध एक निळा पंप. ह्यांनी तिकडच्या कार्डावर खरे पैसे भरून विकत घेतलेला. दोन्ही वेळचं पाणी आपोआप. शेजाऱ्याची गरजच नाही. खाली ह्यांचा निरोप होता, "तुला भेट. आता कटकट मिटली. माझीही वाट बघायला नको."

सगळे वाफे भिजलेले होते. वांगीसुद्धा.

दिरांना हे मुळीच पटलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते घरी आले होते, त्यांनी फोनवरच वाद घातला. "दादा, हा रडीचा डाव आहे. पैसे टाकूनच जिंकायचं तर खेळायचं कशाला? उद्या हे लोक खेळच असा काढतील, की पैसे टाकल्याशिवाय रोप जगणार नाही."

हे तिकडून तापले, फोनबाहेर ऐकू येईल इतके. "बारा तास उन्हात छपरांवर राबतो मी. माझ्याकडे वेळ नाही, पैसे आहेत. कोणाचं काय चोरलं?"

"गावची खरी जमीन पड पडल्ये," सासूबाई म्हणाल्या, "आणि हे दोघे खोट्या पाण्यावरून भांडतायत!"

दिरांनी रागाने खेळच सोडला. मला कोणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? पैशाचं मला काही नव्हतं. रोज ज्या कामासाठी हे येत होते, तेच काम ह्यांनी विकत घेऊन संपवलं होतं, आणि वर मी खूश व्हायचं! इतका संताप आला की त्या दिवशी भात खाली लागला.

टोपी यायची थांबली. बरोबरच आहे, येऊन करणार काय?

आठवडाभर मी सोसलं. मग रविवारी रात्री पंप काढून टाकला. खेळाने दोनदा विचारलं, पैसे परत मिळणार नाहीत, नक्की काढायचा? "नक्की, मेल्या," मी म्हटलं. ह्यांना कळवलं नाही. मला बघायचं होतं, काम उरलं नाही असं समजूनही हे येतात का. नुसते डोकावून जातात का.

सोमवारी सकाळी वीज जायच्या आधी उठून मी माझं पाणी घातलं. साडेसातला येऊन बसले. कोणी आलं नाही. ड्यूटी लांबली असेल. मंगळवारीही नाही. बुधवारी टोमॅटो पिवळे पडले, भेंडीने मान टाकली. गुरुवारी वांगी गेली. मी नवीन काही लावलं नाही, तरी साडेसातला बसतच होते.

शुक्रवारी फोन आला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, की शेत वाळलं तर वाळू दे, पण तुम्ही एकदा येऊन जात जा. शेजारी सासूबाई उभ्या.

"जेवलीस का? पंप चालतोय ना?"

"चालतोय."

"म्हणजे वांगीसुद्धा जगली म्हण!" हे मोठ्याने हसले.

"जगली," मी म्हटलं आणि रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला.