तळघरातलं जेवण

ओठाला मेयोनीज लागलेलं असताना कुणी सांत्वन करू नये. आयोवातल्या आमच्या गावचा शेतकरी हॅरल्ड गेला. बर्फ पडला की हा म्हातारा आपला ट्रॅक्टर काढून सगळ्यांच्या दारातला रस्ता मोकळा करायचा. त्याला पुरून तासही झाला नव्हता. चर्चच्या तळघरात जेवण चाललं होतं, आणि एकेक शेजारी हॅरल्डच्या बायकोचा हात धरून हळूच विचारत होता, "मार्था, जमीन कसायला कुणाला देणार?"

मला शिसारी आली. गिधाडं निदान सांत्वनाचं सोंग तरी करत नाहीत.

मार्था प्रत्येकाला एवढंच म्हणत होती, "आधी खाऊन घ्या."

तेवढ्यात बाहेर बर्फ सुरू झाला. सगळे छतालगतच्या बुटक्या खिडकीशी जमले आणि सवयीने हॅरल्डच्या ट्रॅक्टरची वाट पाहू लागले. मीसुद्धा.