उंबरठ्यावरचं पीठ

माझा नवरा साकोलीला अँब्युलन्सवर ड्रायव्हर होता. कोरोनात गावोगावचे पेशंट नागपूरला नेता नेता एक दिवस तोच मागच्या स्ट्रेचरवर आडवा झाला, आणि तिकडेच त्याचं सगळं उरकलं. आम्हाला तोंडसुद्धा दिसलं नाही. मी आणि सासू घरात कोंडलेल्या, खोकत पडलेल्या. दहावा कुठला नि काय कुठलं.

आमच्यात माणूस गेला की दहाव्याला संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात पाऊल दिसलं, माणसाचं, पाखराचं, कसलंही, की माणूस मार्गी लागला. आमचं ते राहूनच गेलं. त्यामुळे सासूच्या मते तिचा लेक अजून गेलाच नव्हता, आणि ती दाराला कडी लावू देईना. कुत्री शिरून भात उष्टा करायची. माझी तळपायाची आग मस्तकात जायची, तोंडाला येईल ते बोलायची मी. ती आपली एकच म्हणायची, त्याची ड्युटी केव्हाबी सुटते.

यंदा तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर, स्मारक झालं. काळा, गुळगुळीत दगड. डावीकडे आजाराने गेलेल्यांची नावं, उजवीकडे सेवा करता करता गेलेल्यांची. हा उजवीकडे. साहेब लोकांची भाषणं झाली, आमच्या हातात शाल-नारळ आलं. मी नाव वाचायला वाकले तर दगडात माझा चेहरा, आणि खांद्यामागे कोणीतरी उभं. वळून पाहिलं तर नुसतं पाणी. सासूला मी हे सांगितलं नाही, नाहीतर बाई तिथेच अंथरूण टाकून बसली असती.

पण तिने आपलं आधीच ठरवलं होतं. नाव तिथे कोरलंय, म्हणजे तो तिथेच येणार. संध्याकाळी घाईघाईने पीठ घेऊन निघाली आणि थोडं उंबरठ्यातच सांडलं. मी झाडू उचलला तर माझ्यावर खेकसली. दिवेलागणीला कोणी झाडतं का! राहू दिलं तसंच.

दगडापाशी तिने पीठ पसरलं, टोपली घातली. ते पाहून बाकीच्या घरच्या बायाही आपापल्या टोपल्या घेऊन आल्या. कोणाचंच तेव्हा झालं नव्हतं. पालथ्या टोपल्यांची रांग लागली. वारा नव्हता, तरी मधूनच एखादी कुरकुरायची. मला तिथे थांबवेना. आम्ही सांडलेलं पीठ ओलांडून घरात आलो.

सकाळी परत तेच ओलांडून निघालो. पीठ सपाट होतं, मी नीट पाहिलं होतं.

दगडापाशी टोपल्या उचलल्या. कोणाच्या पिठात पाखराची बोटं, कोणाच्यात खूर. बाया रडत होत्या आणि मोकळ्याही होत होत्या. आमचं पीठ कोरं. सासू बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मी तिला उठवून घरी आणलं, आणि मला तिची फार दया आली.

दारात येऊन आम्ही दोघी थांबलो.

उंबरठ्यावरच्या पिठात पाऊल होतं. उजवं, अनवाणी, मोठं. करंगळीची जागा रिकामी. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली त्याची ती करंगळी गेली होती. टाच घराकडे, बोटं रस्त्याकडे.

"घरातच होता वं," सासू म्हणाली. "आपण त्याले तिकडं धुंडून राहिलो."

तिने पीठ पदरात भरून घेतलं, तुळशीत टाकलं, हात धुतले. मग आत येऊन स्वतःच्या हाताने दार लोटलं आणि कडी घातली.

"गेला. आता लावत जा," म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

त्या कडीसाठी मी इतकी भांडले होते. आता ती लागल्याचा आवाज झाला. इतके दिवस तो घरात होता आणि मी कुत्र्यांवर ओरडत बसले होते. सासू तांदूळ निवडायला बसेपर्यंत मी उभीच होते.

मग तिला दिसणार नाही अशी मी कडी काढली.